आजीच्या दगडावरचे वचन

इझ्मीर,
२३ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

आजीच्या कबरीवरील दगडासाठी ‘मरेपर्यंत विश्वासू राहा, म्हणजे मी तुला जीवनाचा मुगूट देईन’ हे वचन तुमच्या मनात आहे. परंतु शेवटच्या वर्षभरात तिला प्रभूची प्रार्थनादेखील आठवत नव्हती, तेव्हा ते तिच्या नावाखाली कोरणे खरे ठरेल का, असे तुम्ही विचारले होते. फोनवर मला नीट उत्तर सुचले नाही, म्हणून लिहीत आहे. प्रकटीकरणाच्या पुस्तकातले हे वचन ज्या मंडळीला, म्हणजे चर्चला, पत्रातून प्रथम लिहिले गेले, ती स्मुर्णाची, म्हणजे आजच्या इझ्मीरचीच, आणि आज तिचे बिशप पॉलिकार्प यांच्या हौतात्म्याचा स्मरणदिन आहे.

इ. स. १५५च्या सुमारास त्यांना धरायला शिपाई आले, तेव्हा त्यांनी आधी त्या शिपायांना जेवू घालायला सांगितले आणि स्वतःसाठी प्रार्थनेपुरता एक तास मागून घेतला. ती प्रार्थना दोन तास चालली. पुढे भरल्या क्रीडांगणात सुभेदाराने ख्रिस्ताची निंदा करून सुटका करून घ्या म्हटल्यावर ते म्हणाले, ‘८६ वर्षे मी त्याची सेवा केली, त्याने माझे काहीही वाईट केले नाही, मग ज्याने मला तारले त्या माझ्या राजाची निंदा मी कशी करू?’ हे उत्तर धैर्याचा नमुना म्हणून आपण नेहमी ऐकतो, पण त्यात स्वतःच्या धैर्याचा एक शब्दही नाही. सारा भरवसा राजा कसा वागला यावर आहे.

ही हकिकत स्मुर्णाच्या मंडळीने फिलोमेलियमच्या मंडळीला पत्रानेच कळवली होती, आणि त्या पत्रात फ्रुगियाहून आलेल्या क्विंटसचाही उल्लेख आहे. तो हौतात्म्यासाठी आपण होऊन पुढे झाला, इतरांनाही त्याने पुढे केले, आणि श्वापदे दिसताच त्याचा धीर सुटला. आपल्यातल्याच माणसाचे हे अपयश त्यांनी झाकले नाही, म्हणून मला त्या पत्राविषयी अधिक आदर वाटतो. प्रभूचा शिष्य पेत्र याचेही तसेच. महायाजकाच्या वाड्यात कोळशांच्या विस्तवाशी शेकत असताना त्याने प्रभूला नाकारले, आणि पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर प्रभूने त्याच्यासाठी मासळी भाजली तीही कोळशांच्याच विस्तवावर. तिथेच तीनदा विचारले, ‘माझ्यावर प्रेम करतोस काय?’ विश्वासू राहणे म्हणजे कधीच न पडणे असते, तर पेत्राचे नाव कुठल्याच दगडावर कोरता आले नसते.

आजी तर पडलीही नव्हती, ती फक्त विसरली होती. मला फोनवर ती ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ एवढेच म्हणायची, थांबायची, आणि पुन्हा तेच म्हणायची.

इथे पुनरुत्थानाचा अर्थ नीट लक्षात घ्यावा लागतो, कारण आपल्या मंडळीतही पुष्कळजण आत्मा सुटला आणि स्वर्गात गेला एवढ्यावरच थांबतात. पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे, आणि प्रभूने मेलेल्यांतून उठवलेल्या लाजरासारखे काही वर्षांसाठी परत येणेही नव्हे, कारण लाजराला पुन्हा मरण होतेच. उठलेल्या प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होते, आणि शिष्यांसमोर त्याने भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला. म्हणजे जे शरीर पुरले तेच उठले, पण आता त्याच्यावर मरणाची सत्ता उरली नव्हती. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात दाण्याचे उदाहरण देतो: पेरतो तो दाणा उघडा आणि क्षुद्र, उगवते ते निराळ्याच वैभवाचे, शरीर अशक्तपणात पेरले जाते, सामर्थ्यात उठवले जाते. मला वाटते, बाबा, झिजलेली स्मृती हाही त्या अशक्तपणाचाच भाग आहे, आणि तीही तिच्या हाडांबरोबर पेरली गेली आहे. पहिल्या ख्रिस्ती लोकांनी दफनभूमीला ‘निजण्याची जागा’ या अर्थाचा ग्रीक शब्द वापरला, तो काही शोक हलका करण्यासाठी नव्हे. निजलेल्याला कोणीतरी उठवणार आहे, असे ते खरोखर मानीत होते.

आणि तोवर सांभाळायचे कोणी? योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू म्हणतो की, पित्याने मला दिलेल्यांपैकी एकही मी हरवू नये आणि शेवटल्या दिवशी त्यांना उठवावे, हीच पित्याची इच्छा आहे. हरवू न देण्याचे काम त्याने स्वतःकडे घेतले आहे. आजीच्या स्मरणशक्तीवर ते सोपवलेले नव्हते.

म्हणून वचन तेच कोरावे. मात्र ‘मुगूट’ या शब्दाजवळ राजमुकुटाचे चित्र काढू देऊ नका. मूळ ग्रीक शब्द शर्यत जिंकणाऱ्याच्या डोक्यावर घालायच्या पानांच्या वेष्टनाचा आहे. आणि दगडावर जागा असेल, तर प्रकटीकरणातल्या स्मुर्णाच्या मंडळीला लिहिलेल्या त्याच पत्राच्या सुरुवातीची ओळ वर घ्यावी, कारण विश्वासू राहा असे सांगणारा कोण, हे तिच्यावाचून कळत नाही: ‘जो मेला होता व जिवंत झाला, तो असे म्हणतो.’ अक्षरे लहान करावी लागली तरी चालतील. कोरायला देण्यापूर्वी मजकूर एकदा मला पाठवा, ऱ्हस्व-दीर्घ तपासून देतो.

आईला सलाम.

तुमचा
मुलगा