ढोलीचं भाडं: वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

झाडाच्या ढोलीत, म्हणजे खोडातल्या पोकळीत, राहणाऱ्या पोपटांसाठी हे पत्र आहे. आधी कबुली देतो, म्हणजे पुढचं लिहायला तोंड राहील. गेल्या फेब्रुवारीत राधानगरी तालुक्यातल्या आमच्या बांधावरचा रायवळ आंबा तोडला गेला. त्याच्या संमतीपत्रावर चार सहहिस्सेदारांच्या सह्या आहेत, त्यातली एक माझी. झाड निम्मं वठलेलं होतं. चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "आरं, वाळल्यालंच हाय की ते. वादळात पडलं तर गोठ्यावर पडंल." मी कोल्हापुरात बसून हो म्हणालो. व्यापाऱ्यानं अकरा हजाराला घेतलं. माझ्या वाट्याला पावणेतीन हजार आले.

झाड पडलं त्या दिवशी मी गावात होतो. कटर मशीन थांबल्यावर पोरं ओरडत धावली. जमिनीपासून वीसेक फुटांवर असलेली ढोल आता आमच्या गुडघ्याशी आली होती. कुटुरगा पक्ष्यानं कधीतरी कोरलेलं ते गोल भोक, कडा चोचींनी घासून गुळगुळीत झालेल्या. आत लाकडाच्या भुशावर तीन पिल्लं. दोन आपटून मेलेली, तिसऱ्याची मान हलत होती. अंगावर पिसांचे हिरवे कोंब नुकते फुटलेले, चोच मात्र आत्ताच पोपटाची. तेही संध्याकाळपर्यंत गेलं. नर-मादी शेजारच्या जांभळावर ओरडत राहिली. राघूपेक्षा तीक्ष्ण, तुटक आवाज. मी राघूच समजत होतो. गावातल्या एका पोरानं दाखवलं, "काका, गळ्यात बघा, काळ्या पट्टीखाली निळी-हिरवी पट्टी हाय. मादीची चोच काळी." निळ्या पंखांचा पोपट. मलबारी पोपट असंही म्हणतात. करड्या अंगाचा, उडाला की पंखाचा निळा रंग चमकतो.

हा पक्षी सह्याद्री सोडून जगात कुठेही नाही. महाराष्ट्रापासून केरळापर्यंतची डोंगरांची चिंचोळी पट्टी, एवढंच त्याचं जग. तुमच्या टेबलावर फाईल गेली तर कुणीतरी सांगेल की जागतिक यादीत हा 'धोक्यात' नाही. खरं आहे. त्याच यादीत त्याचा थोरला भाऊ, पहाडी पोपट, धोक्याच्या उंबरठ्यावर नोंदला आहे. आपण काय, याचं नावही त्या रकान्यात जायची वाट बघायची?

ब्राझीलमध्ये तशी वाट बघितली गेली. ईशान्येकडच्या कोरड्या झुडपी मुलखात स्पिक्स मकाव नावाचा निळा पोपट ओढ्याकाठच्या जुन्या कराइबेरा झाडांच्या ढोलीत अंडी घालायचा. ओढ्याकाठची झाडं गेली, आणि जे पक्षी उरले त्यांना पिंजऱ्याच्या धंद्यानं उचललं. १९९० मध्ये रानात एकच नर सापडला, तोही दुसऱ्याच जातीच्या मादीबरोबर फिरणारा. २००० नंतर तोही दिसला नाही. २०२२ मध्ये पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी पुन्हा रानात सोडावे लागले. त्या सगळ्या खटाटोपाच्या मानानं जुनं झाड उभं ठेवणं किती स्वस्त पडलं असतं!

आपल्याकडचा पिंजऱ्याचा धंदा १९९०-९१ पासून बंद आहे, कागदावर. १९७२ च्या कायद्यानं देशी पोपट पाळणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. तरी पिल्लं काढणारा ढोलीत हात जाईना की कोयत्यानं तोंड मोठं करतो. त्या ढोलीत मग पाऊस शिरतो, तिथं पुन्हा कोणी घर करत नाही. पण त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत, मी झाडावर बोलतो.

पोपट पोकळ झाड शोधतो, फार तर आहे ती ढोल थोडी मोठी करतो. कोरायचं काम सुतारपक्ष्याचं नि कुटुरग्याचं. आणि ते कोरतात वठलेल्या, मऊ पडलेल्या लाकडात. म्हणजे ज्याला आपण 'कामातून गेलेलं' म्हणतो, तेच त्यांच्या कामाचं. राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं, २०१२ पासून जागतिक वारशात. तिथं ही झाडं सुरक्षित आहेत. पण हद्दीबाहेर, भुदरगड, आजरा, शाहूवाडी, गगनबावडा, सगळीकडे मालकीची रानं आणि बांध. पोपटाला सातबारा वाचता येत नाही.

२०२१ साली आपल्या राज्यानं शहरातल्या ५० वर्षांहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा दर्जा दिला. चांगलं केलं. आमचा आंबा माझ्या आजोबांनी लावलेला नव्हता, त्यांच्याही आधीचा होता. तो कोल्हापुरात ताराराणी चौकात असता तर वारसा ठरला असता. गावात असल्यामुळे तो लाकूड ठरला. १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्याच्या यादीत आंबा आहे, परवानगी लागते, आम्ही रीतसर घेतली. पंचनाम्यात घेर लिहिला, उंची लिहिली. ढोल आहे का, तिच्यात कोण आहे, असा रकानाच नव्हता.

तो रकाना घाला, एवढीच पहिली मागणी. आणि ढोल असेल तर जानेवारी ते एप्रिल त्या झाडाला हात लावायची परवानगी देऊ नका. या पोपटाची अंडी-पिल्लं त्याच महिन्यांत असतात.

दुसरी मागणी पैशाची आहे, आणि ती केल्याशिवाय पहिली टिकणार नाही. गव्यानं ऊस तुडवला तर सरकार भरपाई देतं. मग पोपट ठेवला तर भाडं का देऊ नये? ढोलीचं झाड उभं ठेवणाऱ्या शेतकऱ्याला वर्षाला काही रक्कम मिळाली तर माझा भाऊ स्वतः राखण करील. तो पक्ष्यांचा वैरी नाही, त्याला गोठ्याची भीती होती आणि पोरीच्या फीची घाई. धोकादायक फांद्या उतरवून पंधरा-वीस फुटांचं खोड राखता येतं, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. मलाही सुचलं नाही.

एक विनंती जोडून करतो. हे पत्र वाचून खात्यात कृत्रिम घरट्यांची निविदा निघू नये. एकाऐवजी दहा रोपं लावण्याची अटही पुरेशी नाही. रोपाला ढोल यायला माझी नातवंडं म्हातारी होतील. आमच्याकडे देवराईत पडलेली काटकीसुद्धा घरी आणत नाहीत. म्हणजे वठलेलं झाड उभं ठेवायचं हे इथल्या लोकांना नव्यानं शिकवायला नको, फक्त देवराईच्या बाहेर त्याला आधार हवा.

त्याच बांधाच्या खालच्या अंगाला दुसरा आंबा उभा आहे, शेंड्याकडून वठत चाललेला. व्यापारी येऊन बघून गेला, भाव नऊ हजार सांगितला. या वेळी संमतीपत्रावर तिघांच्या सह्या झाल्या आहेत. माझी राहिली आहे. भाऊ दर रविवारी फोन करतो, आणि मी काहीतरी कारण सांगतो. माझी कारणं संपायच्या आत तुमच्याकडून एखादा शासन निर्णय आला तर बरं होईल.

आपला,
एक सहहिस्सेदार
कोल्हापूर