चि. मनूस, गुलमर्गला पोहोचण्याआधी

सोलापूर, २७ जानेवारी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल सकाळी पुण्याची हुतात्मा एक्स्प्रेस सुटली तेव्हा तू हात हलवलास तो बाबांकडे बघून. माझ्याकडे बघितलं नाहीस. रिक्षातून परत येताना हे म्हणाले, "तिच्या मनात काही नसतं गं." मला ठाऊक आहे ते. तरी रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून पहाटेच लिहायला बसले. फोन केला असता, पण फोनवर आपण दोघी दुसऱ्या वाक्याला भांडतो. धनू हे टाईप करून पाठवेल. श्रीनगरला उतरशील तोवर तुला मिळेल.

जाऊ नकोस असं मी लिहिणार नाही. ते परवा रात्री बोलून झालं. "आई, तू पुस्तकातला बर्फ शिकवलास, मी खऱ्या बर्फात असते," असं तू म्हणालीस आणि ताटावरून उठलीस. पुस्तकातला तर पुस्तकातला, पण मी तो आयुष्यभर मन लावून शिकवला आहे. आज त्याच्याच आधाराने बोलते.

परवा टेबलावर तू स्कीइंगचे चार डोंगर मांडलेस. कॅनडातलं व्हिस्लर, जपानमधलं निसेको, फ्रान्समधलं शामोनी आणि आपलं काश्मीरचं गुलमर्ग. कुठे बर्फ किती, कुठे लिफ्टला रांग किती, कुठे खर्च किती. मी भाकरी करता करता ऐकत होते, तुला वाटलं त्याहून जास्त ऐकत होते. सैबेरियावरून येणारा कोरडा गार वारा जपानच्या समुद्रावरून जाताना वाफ उचलतो आणि होक्काइडोच्या डोंगरावर मोकळा होतो, म्हणून निसेकोला वर्षाला पंधरा मीटरच्या आसपास बर्फ पडतो, हे तू सांगितलंस तेव्हा मला इतका आनंद झाला! हा धडा मी नववीला शिकवत असे, आणि माझी लेक त्या बर्फातून उतरून आली आहे. गुलमर्गचा बर्फ पश्चिमी झंझावातांचा. भूमध्य समुद्राकडून निघून इराण, अफगाणिस्तान ओलांडत ते येतात, पंजाबच्या गव्हाला पाऊस देतात आणि पीर पंजालला बर्फ. एकेका झंझावातात दोन-तीन दिवस नुसता कोसळतो आणि मग लख्ख ऊन पडतं. शामोनी ४६ अंशांवर, निसेको ४३ वर, गुलमर्ग ३४ वर. फेब्रुवारीतही तिथलं ऊन युरोपातल्यापेक्षा कडक. सूर्याकडे तोंड असलेल्या उतारावर सकाळचा बर्फ दुपारी तोच राहत नाही. हे तुला तुझ्या व्हिस्लरच्या सवयीने कळणार नाही, म्हणून लिहिलं.

तू निघून गेल्यावर तुझे ते चारही डोंगर मी पुन्हा तोलून बघितले. मला रांगेचं आणि खर्चाचं काही नाही. मी एकच विचारलं: खुणा नसलेल्या उतारावर माझ्या मुलीचं काही चुकलं, तर तिथपर्यंत कोण येईल आणि किती वेळात येईल?

व्हिस्लरला आठ हजार एकरांहून जास्त जागा आहे, पण तिला हद्द आहे. हद्दीच्या आत दोन काळे हिरे (सगळ्यात अवघड उताराची खूण) लावलेला भयंकर उतार असला तरी पहाटे गस्तीची माणसं सुरुंग लावून वरचा सैल बर्फ पाडून घेतात आणि मग तुम्हाला सोडतात. निसेकोला हद्दीबाहेर जायला फाटकं आहेत. गस्तीवाले ती उघडतात, वादळ असलं की बंद करतात, आणि दोरीखालून घुसणाऱ्याचा पास काढून घेतात. मला हे फार आवडलं. कुणीतरी मोठं माणूस दारात उभं आहे असं वाटलं. शामोनीला तसं नाही. केबल कारने एग्वी द्यु मिदीच्या शिखराला ३,८४२ मीटरवर उतरायचं, कड्याच्या धारेवरून चालत खाली यायचं आणि वीस किलोमीटर हिमनदीवरून घसरत जायचं. भेगा वरच्या बर्फाने झाकलेल्या. आखलेल्या पट्टीबाहेर पाऊल टाकलं की जबाबदारी तुमची. पण दरीत पीजीएचएम हे फ्रेंच पोलिसांचं डोंगरी बचाव पथक १९५८ पासून आहे, हेलिकॉप्टरसकट.

गुलमर्गला गोंडोला, म्हणजे तारेवरचा पाळणा, तुला जवळपास ४,००० मीटरवर सोडतो. सोलापूर साडेचारशेवर. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास. गोंडोलाच्या खालच्या मोठ्या खोलगट उतारावर गस्त असते, रोजचा हिमस्खलनाचा इशाराही लागतो. पण तिथून डावी-उजवीकडे वळलं की पुढे कुणाचंच काही नाही, दोरी नाही, फाटक नाही. आणि तुला जायचंय ते नेमकं तिकडेच. परवा नकाशावर बोट ठेवून दाखवलंस ना, ते हापतखुद. १ फेब्रुवारी २०२३ ला तिथेच पोलंडचे दोन स्कीअर गेले. पुढच्या वर्षी २२ फेब्रुवारीला एक रशियन गेला. आणि ८ फेब्रुवारी २०१० ला खिलनमर्गला आपले सतरा जवान गेले. हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे, बर्फात राहायचं कसं हेच शिकायला आलेले.

हे लिहायचं नव्हतं मला. तुला घाबरवलं की तू उलट जोरात जातेस, हे मला तुझ्या पाचव्या वर्षापासून माहीत आहे.

आठवतं का, अप्पांच्या मळ्यातली विहीर? पाठीला डबा बांधून तुला पोहायला सोडलं. काठावर दोर धरून अप्पा उभे, मी पायऱ्यांवर. दोन दिवसांत म्हणालीस, डबा सोडा. अप्पांनी सोडला. तिसऱ्या दिवशी आम्ही जेवायला बसलो तर तू थारोळ्यावरून उडी मारलीस! आत्याची किंकाळी ऐकून मी धावले, तर तू पाण्यात हसत होतीस. मी तुला पाठीत धपाटा घातला, आणि अप्पा मात्र रात्री सगळ्या वस्तीला सांगत फिरले की पोरगी थारोळ्यावरून उडी मारते. मलाही बरं वाटत होतं. मी दाखवलं नाही. त्या विहिरीला आता पाणीही नसतं, शेजारी बोअर घेतलंय. पण तुला सांगायचं होतं ते हे नाही.

सांगायचं होतं ते असं. विहिरीला तळ दिसतो. बर्फाचं तसं नाही. आधी पडलेला थर थंडीने भुसभुशीत, दाणेदार होऊन बसतो, त्याच्यावर वारा ताज्या बर्फाचा घट्ट पापुद्रा आणून टाकतो. ज्वारीच्या दाण्यांवर सतरंजी अंथरावी तसं ते असतं. वरून सगळं गुळगुळीत, पांढरं, देखणं. तुझ्यासारखी पन्नास-साठ किलोची एक पोरगी बरोबर नको त्या जागी वळली की अख्खी सतरंजी निघते. हिमस्खलनात सापडणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी ते स्वतःच किंवा त्यांच्या सोबत्याने सुरू केलेलं असतं. आणि सुटतं कुठे, तर तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर, म्हणजे तुम्हाला ज्या उतारावर मजा येते नेमक्या त्याच उतारावर. गाडलं गेलेलं माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर निघालं तर बहुतेक वेळा वाचतं, पुढे आशा झपाट्याने कमी होते. तेवढ्यात श्रीनगरहून कोण येणार? पन्नास किलोमीटर घाटाचा रस्ता. टंगमर्गहून तरी कोण येणार? जे तुझ्याबरोबर असतील तेच. त्यांच्या बीकनमध्ये (गाडलेल्या माणसाचा ठाव सांगणाऱ्या यंत्रात) सेल आहेत का, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची काठी) त्यांना जोडता येतो का, फावडं धातूचं आहे की प्लास्टिकचं, हे तू कधी विचारलं आहेस का? तुझ्या त्या दोघा मित्रांना मी नीट जेवायला वाढलं, गड्ड्याच्या जत्रेत सगळीकडे फिरवलं, पोरं गोड आहेत. पण गोड असणं वेगळं आणि दहा मिनिटांत तुला उकरून काढणं वेगळं.

बघ, वर्ग सुरू झाला माझा. रागावू नकोस. यातलं निम्मं तुला माझ्याहून जास्त येतं. तू व्हँकूव्हरला हिमस्खलनाचा कोर्स केलास, प्रमाणपत्राचा फोटो पाठवलास, तो मी शेजारच्या अक्कांना दाखवला. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्यांनी दृष्ट काढायला सांगितली आणि मी फोटोचीच काढली.

खरं सांगू, मला बर्फाची भीती कमी आणि तुझी जास्त आहे. तुला पुढे जाता येतं, ते मी बघितलंय. सोलापुरातून एकटी पुण्याला गेलीस, तिथून कॅनडाला, तिशीत उभं राहून स्की शिकलीस. तुला परत फिरता येतं का, ते मी अजून बघितलेलं नाही. वर पोहोचल्यावर, पैसे भरलेले, मित्र तयार, आभाळ निळं, आणि पायाखाली "व्हुम्फ" असा थर खचल्याचा दबका आवाज आला, तर तू म्हणशील का, की मी इथून गोंडोलानेच खाली जाते? तिघांत एकटीच असशील तरी म्हणशील? हिमस्खलनाचा इशारा तीनचा असला की लोकांना वाटतं पाचातले तीन, म्हणजे मध्यम. बरेचसे मृत्यू त्या तीनच्या दिवशीच होतात, कारण चार-पाचला सगळेच घरी बसतात.

बाळूकाकाचं तुला माहीत आहे. तेही परत फिरू शकले असते. ते मी काढणार नव्हते.

मी दरवर्षी मुलांना डॉ. कोटणीसांच्या स्मारकाला न्यायचे. १९३८ ला हा आपल्या सोलापूरचा मुलगा चीनला गेला, जखमींवर उपचार करत राहिला आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथेच गेला. बत्तीस वर्षांचा. मी मुलांना त्याचं धैर्य सांगायचे, आणि दरवर्षी कुणीतरी एक जण विचारायचाच, "बाई, ते घरी परत आले का?" मी नाही म्हणायचे आणि पुढच्या फोटोकडे वळायचे. परवा तू बोलत असताना मला त्या मुलांचा प्रश्न ऐकू येत होता. म्हणून माझा आवाज चढला. तुझ्यावर राग नव्हता.

तुला तिथे जे सापडतं ते मला कळत नाही असं समजू नकोस. तो व्हिडिओ मी पुष्कळदा बघितला. झाडांमधून एकही रेघ नसलेला बर्फ, आणि तू पहिली. शेवटी थांबून मागे वळून बघतेस तेव्हाचा तुझा चेहरा. एवढा मोकळा चेहरा मी तुझा लग्नाचं मोडलं त्यानंतर बघितला नव्हता. यांनी तर तो फोनच्या पहिल्या पानावर ठेवलाय, मे महिन्यात चव्वेचाळीस डिग्रीत बसून बघतात. (झाडांतून जाताना मात्र देवदाराच्या बुंध्याजवळ जायचं नाही. फांद्यांखाली पोकळ खड्डा असतो, माणूस त्यात डोक्यावर पडलं तर स्वतःहून निघत नाही. जोडीदार नजरेच्या टप्प्यात हवा.)

म्हणून माझं एवढंच मागणं. गोंडोलाच्या खालच्या गस्तीच्या उतारावर आधी दोन दिवस उतर, हवेची सवय होऊ दे. हापतखुदला जायचंच असेल तर तिथला गाईड घे, पैसे मी देते, नाही म्हणू नकोस. उतारावर एका वेळी एकच जण, बाकीचे सुरक्षित जागी उभे. आणि तो गाईड "आज नको" म्हणाला तर त्याच्याशी वाद घालायचा नाही, जसा माझ्याशी घालतेस. वर्षानुवर्षं तिथला बर्फ पाहणारा माणूस आहे तो.

पिशवीच्या बाहेरच्या खणात बाबांचं पोस्टपेड कार्ड आहे. काश्मिरात बाहेरचं प्रीपेड चालत नाही म्हणतात, आणि तुझं कॅनडाचं मला भरवशाचं वाटत नाही. रोज संध्याकाळी खाली आलीस की "खाली आले" एवढंच पाठव. फोटो नको, वर्णन नको. गाईडचं नाव आणि नंबर मात्र आधी पाठव. शेंगाचटणी दोन पुड्यांत बांधली आहे, त्यातली एक गाईडला दे. कडक भाकऱ्या वरच्या थंडीत बऱ्या पडतील, फक्त पाणी पुष्कळ पी.

मार्चमधल्या शामोनीचं आपण तू परत आल्यावर बोलू. माझं मत निसेकोच आहे, ते तेव्हा सविस्तर सांगेन. परतीचं पुण्याहून वंदे भारतचं तिकीट यांनी काढून ठेवलंय. त्या गाडीला मी स्टेशनवर येईन, तू नको म्हणालीस तरी.

तुझी,
आई

ता. क. तुझी निळी लोकरी टोपी इथेच राहिली आहे. श्रीनगरला लाल चौकात दुसरी घे, वर जाण्याआधी.