पंचम ते गंधार

प्रिय आई,

परवा फोनवर तू विचारलंस, "तू तिकडे गायला गेलीस की लिहायला?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. म्हणून आज सावकाश लिहिते आहे.

दोन्हींसाठी. प्रबंध तर द्यायचाच, पण त्याच्याबरोबर माझ्या गाण्याची ध्वनिमुद्रणंही तपासली जाणार, आणि तोंडी परीक्षेत दोन्हींबद्दल विचारणार. जे शोधलं ते गाता गाता शोधलं, हे त्यातून दिसायला हवं.

पहिल्या वर्षी मला हे उमगलंच नव्हतं. आढावा बैठकीला मी साठ पानं घेऊन गेले, सगळी ग्रंथांच्या आधाराने लिहिलेली. समितीतल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, "यात तुमचा गळा कुठे आहे?" खोलीवर येऊन खूप रडले. तुला तेव्हा सांगितलं नाही. मग तानपुरा लावला आणि भूप राग गायला बसले. पंचमावरून गंधाराकडे येताना एकदम थांबले. ही मींड, एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं, तू माझ्याकडून किती वेळा घोटून घेतलीस! आणि दर वेळी एवढंच म्हणायचीस, "घसरू नकोस, ये." माझा विषय मला तिथे सापडला.

भातखंडे लिपीत मींड दाखवायला स्वरांवर एक कमान काढतात. कुठून निघायचं आणि कुठे पोचायचं, ते तिच्यावरून कळतं. मधली वाट कळत नाही. आणि भूपात तर त्या वाटेवर मध्यम उभा आहे, जो रागात वर्ज्य. गळा त्याच्यावरूनच जातो, तरी तो ऐकू येता कामा नये. हे कसं करायचं, ते कमानीत कुठेच लिहिलेलं नाही. तू ते मला तोंडाने दिलंस, तुला तुझ्या गुरूंनी.

चार्ल्स सीगर या संगीतशास्त्रज्ञांनी 1958 साली संगीतलेखनाचे दोन प्रकार सांगितले: कसं गावं हे सांगणारं आणि कसं गायलं गेलं हे नोंदवणारं. कमान पहिल्या प्रकारातली. जो आधीच शिकलाय त्याच्याच ती कामाची. दुसऱ्या प्रकारासाठी मी संगणकावर माझ्याच आवाजाचे आलेख काढते. घसरले की रेघ मध्यमापाशी रेंगाळते. "आले" की ती पंचमाला धरून राहते, मधला भाग झटकन ओलांडते आणि गंधाराजवळ हळू होते. निदान माझ्या गळ्यात तरी असं दिसतं. आणखी गळे ऐकल्याशिवाय यापुढे एक अक्षरही लिहिणार नाही.

गंधाराचीही गंमत सांगते. सप्तकाचे 1200 सारखे भाग, म्हणजे सेंट, धरून मोजायची पद्धत अलेक्झांडर एलिस यांनी 1885 च्या त्यांच्या निबंधात वापरली. त्यांचा स्वतःचा कान संगीताचा नव्हता. ऐकायला हिपकिन्स नावाचे पियानोचे जाणकार सोबत असत. पियानोचा गंधार षड्जापासून 400 सेंटवर, आणि तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार सुमारे 386 वर. "चढा लागतोय, तारेत मिसळू दे" असं तू म्हणायचीस ना, ते या चौदा सेंटांबद्दल. तू मोजलं नव्हतंस, पण तुला ठाऊक होतं. हे ठाऊक असणं म्हणजे ज्ञान आहे, ते तळटिपेत नाही तर प्रबंधाच्या मधोमध यायला हवं, एवढ्यासाठीच मी इथे भांडते आहे.

आता एक काम. तानपुरा तुझ्या नेहमीच्या पट्टीत लावून भूपातली ही जागा तीनदा गा आणि मोबाइलवर मुद्रित कर. फोन हातभर लांब ठेव. मुद्दाम चांगलं गायचा प्रयत्न करू नकोस, मला शिकवताना गायचीस तसंच गा. खोकला आला तर येऊ दे.

सोबत एक संमतिपत्र पाठवते आहे. दुसऱ्या कुणाचं गाणं संशोधनात वापरायचं तर लेखी परवानगी लागते, तू आई असलीस तरी. नाव छापायचं की नाही ते तू ठरव. मधेच मन बदललं तर कळव, मी ते मुद्रण काढून टाकेन. शेवटच्या रकान्यात "गायिकेचं शिक्षण" विचारलंय. तिथे "घरगुती" असं लिहू नकोस. गुरूंचं नाव लिही, आणि किती वर्षं शिकलीस तेही.

बाबांना नमस्कार.

तुझी लेक