बेलची आठ बटणे

मार्गेट, इंग्लंड,
रविवार

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू पाठवलेले, आपल्या या गावात तू विकत घ्यायला निघालेल्या घराचे फोटो मी चष्मा लावून दोनदा पाहिले. फोनवर मी लगेच काही बोलले नाही याचा तुला राग आला असावा. पण फोनवर आपले बोलणे अर्ध्या वाटेत इंग्रजीवर जाते आणि इंग्रजीत मी तुझ्यापुढे कधीच टिकत नाही, म्हणून हे मराठीत लिहिते आहे. लहानपणी शनिवारी सकाळी मुळूमुळू रडत गिरवलेल्या बाराखडीचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

ते घर मला माहीत आहे. जाहिरातीत त्याचे जुन्या धाटणीचे, उंच छताचे, समुद्र दिसणारे असे वर्णन केले आहे, आणि त्यात खोटे काही नाही. मी मात्र त्या दारात पहिल्यांदा उभी राहिले ती तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी, दुकानातली औषधे पोहोचवायला. तेव्हा दाराच्या चौकटीवर बेलची आठ बटणे होती आणि प्रत्येकाखाली चिकटपट्टीवर निळ्या शाईने लिहिलेले एकेक नाव होते, त्यातली तीन खोडलेली. मला हवी होती ती बेल वाजतच नव्हती, म्हणून मी छत्रीच्या टोकाने खालच्या खिडकीवर ठोठावले. ज्यांची औषधे होती ते वृद्ध गृहस्थ पहिल्या मजल्यावर एका खोलीत राहत. पलंग, एक विजेची शेगडी, आणि खिडकीशेजारी हात धुण्याचे पांढरे बेसिन. एवढ्याशा खोलीत बेसिन कशासाठी, हे कोडे मला घरी आल्यावरही सुटले नाही.

ते सोडवले दुकानातल्या माझ्या सोबतिणीने. ती इथेच जन्मलेली, आणि तिची आजी गावाच्या क्लिफ्टनव्हिल भागात बोर्डिंग हाउस, म्हणजे पाहुण्यांची खाणावळवजा वस्ती, चालवीत असे. त्या काळी प्रत्येक खोलीत गार आणि गरम पाणी मिळते, हे दारावरच्या पाटीवर मिरवण्याइतके मोठे सुख होते. लंडनहून कुटुंबे आठवडाभरासाठी येत. शनिवारी एक बिऱ्हाड निघे आणि चादरी बदलून होतात न होतात तोच दुसरे दारात उभे राही. न्याहारी झाली की पाहुण्यांनी बाहेर पडायचे आणि संध्याकाळच्या जेवणाआधी परत यायचे नाही, मग पाऊस कोसळत असला तरी आडोशाला बसून समुद्राकडे पाहत राहायचे, अशी आजीबाईंची शिस्त होती. हे ऐकून मला माझ्या आत्याची आठवण झाली. पाहुण्यांना तीही जेवू घाली, पण दुपारी ओटीवर लोळू देत नसे.

पुढे लोकांना स्वस्तात विमानाने स्पेनला जाता येऊ लागले आणि तिथले ऊन भरवशाचे होते. बोर्डिंग हाउसे विकावीत तर गिऱ्हाईक नाही, अशा वेळी मालकांनी त्याच खोल्या महिन्याच्या भाड्याने दिल्या. बेरोजगारांचे भाडे सरकार भरत असल्यामुळे मालकाला पैशाची खात्री असे आणि डागडुजीची सक्ती फारशी नसे. लंडनमधल्या काउन्सिलांनीही ज्यांना तिथे जागा देता येत नव्हती त्यांना इकडे पाठवले. माणसे समुद्रावर येतच राहिली, पण आता ती दुसरीकडे कुठे जागा मिळत नाही म्हणून येत होती.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी चेक आणि स्लोव्हाक रोमा, म्हणजे ज्यांना लोक जिप्सी म्हणतात ती, कुटुंबे आली. त्यांच्याविषयी नॉर्थडाउन रोडवर काय काय बोलले जाई ते मी लिहीत नाही. आपण इथे आलो तेव्हा आपल्याविषयी जे बोलले जात असे, त्याहून ते फार वेगळे नव्हते. एके दिवशी एक आजी नातवाला घेऊन दुकानात आली. तिला इंग्रजी येत नव्हते. तिने पोराच्या कानाला हात लावला आणि म्हणाली, "कान." मी चमकले. मग ती म्हणाली, "दुखाल." मी काउंटरच्या अलीकडून भान विसरून सरळ मराठीत विचारले, "कान दुखतोय का?" आणि तिने जोरजोरात मान डोलावली. रोमांची भाषा मुळात भारतातून निघालेली आहे, हे मी नंतर वाचले. त्या दिवशी मात्र आम्ही दोघी एकमेकींकडे चोर पकडल्यासारख्या पाहत राहिलो होतो.

तू अठराव्या वर्षी लंडनला गेलीस आणि त्याच सुमारास गाव पालटू लागले. २००९ च्या डिसेंबरात वेगवान गाड्या सुरू झाल्या आणि सेंट पँक्रासहून दीड तासात इथे पोहोचता येऊ लागले. २०११ मध्ये टर्नर गॅलरी उघडली. बंद पडलेले ड्रीमलँड हे खेळ-पाळण्यांचे उद्यान २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाले, आणि १९२० सालचा तो लाकडी रोलर कोस्टर, ज्यात ब्रेक लावणारा माणूस गाडीबरोबर बसून जाई, परत धावू लागला. मला हे सगळे आवडते. गॅलरीत प्रवेश फुकट असल्यामुळे पावसाळी दुपारी मी तिथेच असते. ती इमारत उभी आहे त्या जागी पूर्वी मिसेस बूथ यांचे घर होते आणि टर्नरसाहेब तिथे भाडेकरू म्हणून उतरत. गॅलरीला नाव चित्रकाराचे मिळाले. घरमालकिणीचे मिळाले नाही, हे मला दर वेळी पायऱ्या चढताना आठवते.

गॅलरीपाठोपाठ लंडनची माणसे राहायला आली. इथले लोक त्यांना डीएफएल म्हणतात, म्हणजे 'डाउन फ्रॉम लंडन'. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला गणपतीत मुंबईहून गुहागरला उतरणारे आमचे चाकरमानी आठवले, कारण गावकरी त्यांचीही अशीच थट्टा करीत. परंतु चाकरमान्याचे गावात घर असते, भाऊबंदकी असते, वाटणीवरून भांडण असते. डीएफएलचे इथे काहीच नसते. तो पैसे घेऊन येतो आणि जागा शोधतो, आणि ती जागा बहुधा रिकामी नसते.

माझ्या त्या सोबतिणीचेच सांगते. चौदा वर्षे भाडे एकदाही चुकवले नव्हते तिने. मालकाला घर सुट्टीच्या पाहुण्यांना द्यायचे होते, म्हणून त्या वेळच्या कायद्याप्रमाणे दोन महिन्यांची नोटीस दिली. कारण सांगण्याची त्याच्यावर सक्तीही नव्हती. ती आता गावाबाहेर राहते आणि बसने कामाला येते. जिच्या आजीने या गावात पाहुण्यांच्या चादरी धुतल्या, तिला पाहुण्यांसाठी घर सोडावे लागले. २०१६ च्या मतदानात आपल्या थॅनेट जिल्ह्यातल्या शंभर मतदारांतल्या सुमारे ६४ जणांनी ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावे असे मत दिले, तेव्हा तू फोनवर या लोकांना मूर्ख म्हणाली होतीस. माझी सोबतीण मूर्ख नाही. तिने कोणत्या बाजूने मत दिले हे मी विचारलेले नाही, आणि विचारणारही नाही.

१७९१ मध्ये गंडमाळ झालेल्या गरिबांसाठी स्थापन झालेल्या सी बेदिंग हॉस्पिटलातही आता फ्लॅट आहेत. तिथे तरी कोणी राहत असताना उठवले गेले नाही.

तू घर घेऊ नकोस असे मी म्हणत नाही. तू इथे येणार म्हटल्यावर तुझ्या बाबांनी लगेच मागची खोली आवरायला घेतली, यातच काय ते समज. पण तू डीएफएल म्हणून येणार की चाकरमानी म्हणून, हे मला कळलेले नाही. परवा तू म्हणालीस, "तो भाग आता सुधारला आहे, आई." हे एजंटाचे वाक्य आहे. याच भागात तू लहानाची मोठी झालीस, याच रस्त्यावर रोमा मुलींबरोबर दोरीवरच्या उड्या मारल्यास. त्या आठ नावांपैकी शेवटचे नाव केव्हा आणि कसे गेले, एवढे विकणाऱ्याला विचार. उत्तर मिळेलच असे नाही, पण विचार.

शनिवारी घर पाहायला जाशील तेव्हा मलाही बरोबर ने. पहिल्या मजल्यावर समुद्राकडच्या खोलीत, खिडकीच्या डाव्या हाताला, फोटोत जिथे पुस्तकांचे कपाट दिसते, तिथे ते बेसिन होते. भिंतीतल्या नळ्या काढल्या नसतील तर मागून ओल धरली असेल; कपाट हलवून पाहिल्याशिवाय पैशाची गोष्ट करू नकोस. आणि येताना साउथहॉलहून कोकम आण, घरातले संपले आहे.

तुझी,
आई