आई, परत एकदा माझ्या मागे बस

प्रिय आई, बाबा,

नमस्कार. परवा फोनवर आई तू गप्प गप्प होतीस, आणि मग बाबांनी सांगितलं की तू म्हणालीस, पुढच्या वेळी म्हार्दोळच्या देवीला मी कदंबाच्या बसनंच जाईन, माझ्या वजनानं पोरीची गाडी हलते, तिला कशाला त्रास. तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. म्हणून लिहितेय, कारण फोनवर विषय काढला की तू "जेवलीस काय" विचारून मोकळी होतेस.

आई, गाडी तुझ्या वजनानं नाही हलली. मला मागे माणूस बसवून चालवायला येत नव्हतं, एवढंच झालं. एकटीनं पणजी-साखळी इतकी वर्षं करते म्हणून मला वाटलं येतंच की. पण माझी ॲव्हेंजर 160 म्हणजे 156 किलोची मोटरसायकल, तू 58 किलो, म्हणजे गाडीच्या एक तृतीयांशाहून जास्त वजन, आणि तेसुद्धा सगळं मागच्या चाकाजवळ येतं. माझी सीट खाली आहे, 737 मिलिमीटर, माझे दोन्ही पाय जमिनीला टेकतात म्हणून तर मी ही गाडी घेतली, पण मागची सीट उंच आणि लहान, तिथं बसणाऱ्याला काय वाटतं ते मी कधी बसूनच बघितलं नव्हतं.

आठवतंय, माशेलच्या स्पीड ब्रेकरला तू "आई गं" म्हणालीस आणि मग बाणस्तारीपर्यंत एक शब्द बोलली नाहीस? मागचे शॉकअप माझ्या एकटीच्या वजनाला लावलेले, नरम, ते पार खाली बसले आणि धक्का सरळ तुझ्या कमरेत गेला. टायरमध्ये हवासुद्धा नेहमीचीच होती, गाडीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की मागे कोण बसणार असेल तर मागच्या टायरला जास्त हवा, मी ते पान कधी उघडलंच नाही. आणि येताना अंधार पडला तेव्हा समोरचे सगळे डिपर मारत होते ना, मला वाटलं चिडलेत उगाच, पण मागची बाजू दबल्यामुळे माझाच दिवा वर झाला होता, रस्त्यावर उजेड कमी आणि माडांच्या शेंड्यांवर जास्त.

पाठीच्या टेक्याचं वेगळंच. ज्या गॅरेजात बसवला तिथं एक बोल्ट नीट आवळलाच नव्हता. तू टेकलीस की कट कट वाजायचं आणि तुला वाटायचं आपलं वजन जास्त झालं. पैसे पूर्ण घेतले त्यांनी, मी विश्वास ठेवला, बघितलं नाही. आता लॉकनट घालून घेतलाय, मी स्वतः धरून हलवून बघितला.

मग मी काय केलं सांगते. पणजीला कदंब स्टँडवरून पायलट केला, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, मिरामारपर्यंत, काही काम नव्हतं, फक्त मागे बसून बघायला. पिवळ्या मडगार्डवाले हे लोक दिवसभर अनोळखी माणसं मागे घेऊन फिरतात, कोणी पिशवीवालं, कोणी म्हातारं. त्या पायलटांनी गाडी सोडली तीच इतकी हळू की मला कळलं नाही कधी निघालो. गिअर बदलताना मान पुढे-मागे झाली नाही. सिग्नलच्या किती आधीपासून वेग कमी करत आणला. उतरल्यावर मी विचारलं, तर म्हणाले की मागच्याचं डोकं माझ्या हेल्मेटला लागलं तर ती चूक माझी. बाबा, तुम्ही स्कूटरवर आईला आणि मला पुढे-मागे घेऊन फिरायचात तेव्हा कधी डोकं आपटलेलं मला आठवत नाही. हे तुम्हाला येत होतं, मी कधी विचारलंच नाही.

नंतर दोन रविवार मैत्रिणीला मागे बसवून मोकळ्या जागेत फेऱ्या मारल्या. ती बसताना-उतरताना मी दोन्ही पाय जमिनीला घट्ट लावून, पुढचा ब्रेक दाबून थांबते, आणि मी "बस" म्हटल्याशिवाय ती पाय टाकत नाही. शॉकअप टूलकिटातल्या पान्यानं कडक केले. ब्रेक लवकर आणि हलका, पुढचं अंतर जास्त. चढावर गिअर आधीच खाली घ्यायचा, खांडोळ्याला मी उशीर केला आणि मग एकदम ॲक्सिलेटर दिला म्हणून तू मागे गेलीस आणि माझं जॅकेट मुठीत धरलंस. ती तुझी मूठ मला अजून पाठीवर जाणवते.

आता तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, चुडीदार घाल आणि दोन्हीकडे पाय टाकून बस. साडीगार्ड आहे, तो कायद्यानं असावाच लागतो, पण एका बाजूला बसलीस की सगळा भार डावीकडे येतो आणि तुला धरायला काही राहत नाही. स्कूटरवर चालून गेलं ते वेगळं. देवीला चुडीदार चालतो आई, वाटल्यास साडी पिशवीत घे, तिथं नेस. दुसरं, अंबाडा. हेल्मेट अंबाड्यावर अडकून पुढे कपाळावर येत होतं आणि तू सगळा रस्ता मान वर करून बसलीस, मी आरशात बघत होते. खाली सैल वेणी घाल. नवीन आयएसआय मार्कवालं हेल्मेट आणलंय तुझ्या मापाचं, ते नीट खाली बसेल, पट्टा मी लावते.

आणि वळणाला माझ्या खांद्यावरून वळणाच्या बाजूला बघ, बस. मुद्दाम झुकू नको, उलट बाजूला तर नकोच. दुखलं तर खांद्यावर दोनदा थाप मार, मी थांबेन. बाणस्तारीला मार्केटजवळ तशीही थांबणार आहे, गुडघे मोकळे करायला.

बाबा, रविवारी सकाळी सातला येते. आधी तुम्ही बसा माझ्या मागे, घरापासून नाक्यापर्यंत एक फेरी. तुम्ही बरोबर म्हणालात तरच आईला नेईन. पाऊस असेल तर त्या दिवशी नाही, आमोण्याकडे रस्त्यावर लाल चिखल असतो, दोघी असताना मला ते नको.

आई, येताना म्हार्दोळला जायांची वेणी घेऊ, ती मात्र हेल्मेट काढल्यावर माळ.

तुमची,
बाय