आमच्या सोसायटीतल्या जहाजवाल्याचे जाहीर आभार

प्रिय जहाजवाल्या,

अनेक आशीर्वाद. तुझं नाव इथे घालत नाही. कंपनीचे नियम असतात असं तूच म्हणालास, आणि इंदिरानगरातल्या आपल्या सोसायटीत तुला नावाने हाक तरी कोण मारतं? आभार मात्र चारचौघांत मानते. नाशिकहून सिंगापूरच्या क्रूझला जाणारी मंडळी आता पुष्कळ झाली आहेत, आणि प्रत्येकाच्या शेजारी क्रूझच्या जहाजावर नोकरी करणारा, कॉन्ट्रॅक्ट संपवून सुट्टीवर आलेला मुलगा असतोच असं नाही.

आम्ही गोदेकाठची माणसं. आमचा पाण्याशी संबंध रामकुंडाच्या पायऱ्यांपुरता. एजंटने हातात फाइल दिली, तीत तिकीट, व्हिसा, हॉटेलचं व्हाउचर सगळं व्यवस्थित होतं. पण बंदरावर पोचल्यावर नक्की काय होतं हे विचारलं तर "काही नाही मॅडम, एअरपोर्टसारखंच" एवढंच उत्तर. ते तसं नसतं, हे तू चहा घेता घेता सांगितलंस. सूचना काय, इंटरनेटवरही ढिगाने मिळतात. तू प्रत्येक सूचनेमागचं कारण सांगायचास, म्हणून त्या सासूबाईंच्याही लक्षात राहिल्या.

पहिलं कारण तुमच्या 'टर्नअराउंड डे'चं. ज्या दुपारी आपण चढतो त्याच दिवशी सकाळी आधीचे हजारो प्रवासी उतरलेले असतात. मधल्या चार-पाच तासांत सगळ्या केबिन झाडून-पुसून चादरी बदलायच्या, जुन्या बॅगा उतरवायच्या, नव्या चढवायच्या, आठवड्याचं धान्य-भाजीपाला फोर्कलिफ्टने पोटात भरायचा. म्हणून ऑनलाइन चेक-इन करताना प्रत्येकाला टर्मिनलवर येण्याची वेळ ठरवून देतात. लवकर गेलं म्हणून लवकर आत घेतीलच असं नाही. "केबिन दीड-दोनशिवाय मिळणार नाही काकू, रागावू नका, तिथे माझ्यासारखाच कुणीतरी घामाघूम झालेला असतो," असं तू म्हणाला होतास. आमच्यापुढचे एक गृहस्थ जिन्यातल्या कर्मचाऱ्यावर तावातावाने ओरडत होते तेव्हा मला ते वाक्य आठवलं. आम्ही सरळ वर जाऊन जेवलो. जेवण सुरू असतंच, हेही तूच सांगितलेलं.

बॅगांचे टॅग चिकटवायला तू स्टेपलर आणि पारदर्शक चिकटपट्टी घेऊन आलास, ते ह्यांना फार आवडलं. टॅगवर डेक आणि केबिनचा नंबर असतो. टर्मिनलच्या दारातच हमाल बॅग ताब्यात घेतात आणि ती थेट केबिनच्या दाराशी येते, कधी कधी संध्याकाळ उलटल्यावर. कागदाचा टॅग फाटला की ती बॅग बेवारस. म्हणून पासपोर्ट, औषधं, चष्मा, चार्जर, कपड्यांचा एक जोड हे सगळं खांद्यावरच्या पिशवीत. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत होत्या, त्या तू स्वतः बाहेर काढायला लावल्यास. त्याच झडतीत मिश्रीची डबीही निघाली! चघळायची असो की दाताला लावायची, असली तंबाखू सिंगापुरात नेताच येत नाही, हे तू त्यांना ज्या अदबीने समजावलंस तसं मला चाळीस वर्षांत जमलेलं नाही. इस्त्री, किटली आणि एक्स्टेंशन बोर्डही तुझ्या सांगण्यावरून घरीच राहिले. जहाजावर सगळ्यात मोठी भीती आगीची, म्हणून स्कॅनरमध्ये तापणारी वस्तू दिसली की बॅग बाजूला काढतात. त्या खोलीला तुम्ही लोक 'नॉटी रूम' म्हणता हे ऐकून सासूबाई दिवसभर हसत होत्या. चिवड्याची सीलबंद पाकिटं चालली. घरच्या दशम्या मात्र आम्ही विमानातच संपवल्या.

आता बंदराबद्दल. सिंगापूरला क्रूझची दोन टर्मिनल आहेत ही गोष्ट आमच्या फाइलमध्ये कुठेही ठळक लिहिलेली नव्हती. एक हार्बरफ्रंटला, व्हिवोसिटी मॉलला लागून. तिथूनच इंडोनेशियाच्या बाताम बेटाकडे फेरीबोटी सुटतात. दुसरं मरीना बे क्रूझ सेंटर, २०१२ साली सुरू झालेलं. दुसरं का बांधावं लागलं, तर हार्बरफ्रंटहून सेंटोसा बेटावर केबल कार जाते आणि तिच्या तारांखालून ५२ मीटरपेक्षा उंच जहाज जाऊ शकत नाही. मोठी जहाजं म्हणून मरीना बेला लागतात. हे एकदा कळल्यावर आपलं टर्मिनल कोणतं ते विसरणं शक्यच नव्हतं. पुढचा घोळ वेगळाच: मरीना बे नावाचं मेट्रो स्टेशन निराळं, मरीना बे सँड्स हे हॉटेल निराळं, आणि क्रूझ सेंटरजवळचं स्टेशन म्हणजे मरीना साउथ पिअर. आमच्या टॅक्सीवाल्याने "मरीना बे" ऐकताच "सँड्स?" असं विचारलंच. ह्यांनी तुझी चिठ्ठी पुढे केली.

आत गेल्यावर सुरक्षा तपासणी, मग कंपनीचा काउंटर, मग इमिग्रेशन, मग जहाजाची शिडी, जिला तुम्ही गँगवे म्हणता. शिडी कसली, काचेचा लांबलचक बोगदाच तो. एवढं प्रचंड जहाज समोर उभं, पण आतून ते धड दिसतसुद्धा नाही, याचं सासूबाईंना फार वाईट वाटलं. काउंटरवर नाव पासपोर्टबरहुकूम लागतं. आपल्याकडे बायकांच्या नावात कधी वडील, कधी नवरा, कधी कुणीच नाही, त्यामुळे तू आमची बुकिंगवरची नावं अक्षर अन् अक्षर ताडून पाहिली होतीस. तिथे फोटो काढून हातात एक कार्ड देतात. तेच केबिनची किल्ली, तेच पाकीट, तेच उतरण्या-चढण्याचं ओळखपत्र. खर्च त्यावर मांडला जातो आणि आपल्या क्रेडिट कार्डातून वळता होतो, म्हणून कार्डावर परदेशी व्यवहार आधीच चालू करून ठेवावे लागतात.

व्हीलचेअरचं तर तुझ्याशिवाय सुचलंच नसतं. ती कंपनीला आधी कळवून मागावी लागते आणि टर्मिनल ते जहाज एवढ्यापुरतीच मिळते, पूर्ण सफरीला नाही. रांगा आणि चाल मिळून अंतर बरंच होतं. सासूबाई आधी "मी काय लंगडी आहे का" म्हणाल्या, मग बसल्या, आणि मग सगळ्यांच्या आधी वर गेल्या.

व्हिसाचं तू कागदावर काढून दाखवलंस. जहाजावर चढताना सिंगापूर सोडल्याची नोंद होते. मलेशिया, थायलंड करून परत आलं की तो नवा प्रवेश. एकदाच प्रवेश देणारा व्हिसा असेल तर माणूस धक्क्यावर अडकतो. तसंच ते एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापुरात शिरण्याआधी भरायचा सरकारी फॉर्म: पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, परतताना पुन्हा भरायचं, आणि ते सरकारी साइटवर फुकट असतं. पैसे मागणारी साइट दिसली की ती बंद करायची.

एका गोष्टीवर मात्र तू नेहमीचा हसरा चेहरा बाजूला ठेवलास. मस्टर ड्रिल, म्हणजे जहाजावरची संकटकाळची कवायत. धोक्याचा इशारा म्हणजे सात छोटे भोंगे आणि एक लांब, तो ऐकला की कुठल्या जागी जमायचं ते पाहून यायचं. मी म्हटलं, दमून आल्यावर हे कशाला? तेव्हा तू कोस्टा काँकॉर्डियाबद्दल सांगितलंस. १३ जानेवारी २०१२ ला संध्याकाळी ते जहाज इटलीतल्या चिविताव्हेक्किया बंदरातून निघालं आणि त्याच रात्री जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलं. ३२ माणसं गेली. त्या दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचं ड्रिल झालंच नव्हतं, कारण तेव्हा २४ तासांत घेतलं तरी नियमात बसत होतं. २०१५ पासून ते जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावंच लागतं. आम्ही तिघं बाकी काही बघण्याआधी तिथे जाऊन आलो. सासूबाईंनी लाइफ जॅकेटचा पट्टासुद्धा बांधून पाहिला.

तू दिलेल्या आणखी दोन गोष्टी इतरांसाठी इथे टिपून ठेवते. जहाज सुटलं की फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर समुद्रातल्या उपग्रहाच्या नेटवर्कचं बिल घरी आल्यावर रडवतं. आणि थायलंडातल्या फुकेतचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे चालतं, फोन आपोआप वेळ बदलतो, पण जहाज आपल्याच वेळेवर सुटतं. म्हणून उतरताना मनगटावर साधं घड्याळ, आणि केबिनमध्ये रोज येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेचा फोटो. तिच्यावर त्या बंदरातल्या पोर्ट एजंटचा नंबर असतो. चुकून मागे राहिलात तर धावून येणारा माणूस तोच.

तुझी आई सांगत होती, तुझं पुढचं जॉइनिंग बार्सिलोनाहून आहे. बी विंगमधल्या जोशीण काकूंच्या मुलीने भूमध्य समुद्राची क्रूझ ठरवली आहे आणि ती मलाच विचारत होती की शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, एका प्रवेशाचा पुरेल का. मी रुबाबात सांगितलं, जहाज मध्येच शेंगेनच्या बाहेरच्या देशात जात असेल तर अनेक प्रवेशांचा घे. बरोबर ना? निघण्याआधी जेवायला ये आणि तिच्या टॅगकडेही जरा बघ. स्टेपलर आमच्याकडेच राहिला आहे.

तुझी,
तिसऱ्या मजल्यावरची काकू