मध्यास पत्र

प्रिय मध्या,

तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. घराचे फोटो पाहिले, झकास. चिनूला नोकरी लागली, फार बरं वाटलं, वहिनींना नमस्कार. आता मुद्द्याचं.

काल रात्री बी. आर. चोप्रांचा ‘कानून’ पाहिला. १९६० सालचा. तू हट्ट धरला होतास आणि ‘एकही गाणं नाही? बिनमिठाची आमटी!’ म्हणत दत्ताने आपल्याला भलत्याच सिनेमाला ओढून नेलं, तोच. तिकिटं त्याची, म्हणून तू गप्प बसलास, पण पुढे महिनाभर धुसफुसत होतास! ते भांडण तूच जिंकलास. गाण्याची आठवणसुद्धा होत नाही.

राजेंद्रकुमार वकील. होणाऱ्या सासऱ्याला, न्यायमूर्ती अशोककुमारला, तो सावकाराचा खून करताना पाहतो. अडकतो मात्र चोरी करायला शिरलेला कालिया. खटला त्याच न्यायमूर्तींपुढे, आणि कालियाचं वकीलपत्र राजेंद्रकुमारकडे. नाना पळशीकरांना या कालियासाठी फिल्मफेअर मिळालं. तो पिंजऱ्यात उभा राहिला आणि मला शिवा दिसला.

फाट्यावरच्या अपघाताचं तुझ्या कानावर आलंच असेल. दूधवाला वाचला, पाय गेला. केस शिवावर आहे, कारण ड्रायव्हर तो. पण मध्या, मी टपरीवर होतो. जीप थांबल्यावर स्टिअरिंगवरून दत्ता उतरला, शिवा पलीकडच्या दाराने. दत्ताने किल्ली त्याच्या हातात दिली, तीही मी पाहिली. पोलिसांना तेव्हाच सांगितलं. आता साक्षीचं समन्स आलंय.

दत्ताने माझ्या बाबांच्या आजारपणात काय केलं ते तुला ठाऊक आहे, म्हणून हे दुसऱ्या कुणाजवळ बोलता येत नाही. घरात म्हणतात, ‘अंधार होता म्हणून सांग.’ फाट्यावर दिवा आहे रे.

सिनेमाचा शेवट मला पटला नाही. खुनी न्यायमूर्तींसारखाच दिसणारा भलताच माणूस निघतो. जावयाची सुटका, सासऱ्याचीही. इतका वेळ माणसाला कात्रीत धरायचं आणि मग असं सोडायचं? रात्रभर तेच डोक्यात होतं. दत्तासारखा दिसणारा दुसरा माणूस आपल्या तालुक्यात नाही.

मी खरं तेच सांगणार आहे. शिवाची धाकटी अजून अंगणवाडीत जाते.

तारीख अठराची आहे. तू सोळालाच ये. मी काय बोलणार ते दत्ताला कोर्टात नाही, आधी माझ्या तोंडून कळायला हवं. त्याच्या घरी जाताना तू बरोबर हवास.

तुझा,
बाळ्या